बारा नंबरचा खड्डा

“तुमच्या घरातून कोन येनार?”

हसूभाऊ दारात उभे होते. डोक्याला टॉवेल, खांद्यावर फावडं, पाय अनवाणी. मी रेवाला भरवत होते. नाचणीचं सत्त्व तिच्या हनुवटीवरून माझ्या मनगटावर ओघळत होतं. मला वाटलं, ते सुगंधाकाकींना विचारताहेत. काकी म्हणजे त्यांच्या वहिनी आणि माझ्या घरमालकीण. पुढे त्यांचं घर, मागे माझी भाड्याची खोली, अंगण एकच.

“काकी आत आहेत,” मी म्हटलं.

“वैनीला इचारलं. ती येते. तुमचं इचारतोय.”

“माझं?”

“आज मोठं उदान. दुपारी बांदावर घरटी एक मानूस लागतो.”

“भाऊ, मी भाडेकरू आहे.”

“चूल पेटते ना तुमची?” त्यांनी माझ्या गॅसच्या शेगडीकडे हनुवटीनं दाखवलं. “चूल पेटते त्ये घर. मास्तरपन येतो, नर्सबाय येते. तुमीच काय आभालातून पडल्याव?”

“मी येणारच आहे की तिथे. आज बारा नंबरचं काँक्रीट आहे.”

“त्ये कंपनीचं. त्ये नाय मोजत,” असं म्हणून ते पुढच्या दाराकडे वळलेसुद्धा.

रेवा तेव्हा आठ महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. माझ्या नवऱ्याची, संकेतची, नोकरी जामनगरला. बाळंतपणाच्या रजेनंतर मी कामावर परतले तेव्हा निमकरसाहेबांनी मला खारेपाटातल्या या साइटवर घेतलं होतं. “डिझाइन तुझंच आहे, उभं राहताना बघ. बाळाला घेऊन ये, खोलीची सोय करतो,” असं ते म्हणाले होते. अशा वेळी एवढं कोण म्हणतं? मी त्यांची उपकृत होते, आणि हे मी एक क्षणही विसरत नव्हते.

विजेची मोठी लाइन खाडी ओलांडून जायची होती. खाडीच्या या काठाला गावानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मातीचा बांध. बांधाच्या बाहेर चिखल, तिवरं आणि भरतीचं पाणी. आत भातखाचरं, मासे पाळायचे तलाव आणि गाव. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला कळायला जरा वेळ लागतो, की गाव खाडीच्या पातळीच्या खाली आहे. मला वेळ लागला नाही. राहायला आले त्याच आठवड्यात साइटवरचं लेव्हलचं यंत्र आणून मी खोलीच्या उंबरठ्याची पातळी काढली होती. उधाणाच्या पाण्यापेक्षा माझा उंबरठा कमरेइतका खाली निघाला. संध्याकाळी फोनवर संकेतला सांगितलं.

“तीन पिढ्या राहताहेत ना लोक तिथे?” तो म्हणाला.

“हो.”

“मग झोप आता.”

मी रेवाच्या पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या. काकी बघून खूप हसल्या. “पानी आयलं त ईट थांबवल काय गो त्याला?” पण दुसऱ्या दिवशी आणखी चार विटा त्यांनीच आणून दिल्या.

बारा नंबरचा टॉवर मुळात बांधाच्या बाहेर, तिवरांत होता. मी तो आत घेतला. तिवरं वाचली, साहेब खूश, मीही खूश. गावानंही जागा हसत दिली. बांधाला लागून एक पडीक तुकडा होता. “तिकरं कायच पिकत नाय, घ्या,” असं हसूभाऊच म्हणाले होते. का पिकत नाही, हे मी विचारलं नाही. फुकट मिळालेल्या जागेला कोण विचारतं!

टॉवरला चार पाय. प्रत्येक पायाखाली खोलवर गेलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे पाइल, आणि पाइलांच्या माथ्यांना एकत्र बांधणारी काँक्रीटची जाड टोपी. तीन पायांच्या टोप्या झाल्या होत्या. चौथा पाय बांधाच्या सगळ्यांत जवळचा. त्याच्यासाठी दोन पुरुष खोल खड्डा खणलेला, कडेनं फळ्यांचा आधार, आत सळ्यांचा पिंजरा बांधून तयार. खारेपाटात खड्डा खणला की पाणी आलंच. दोन पंप रात्रंदिवस उपसत होते.

आदल्या दिवशी मी साहेबांना म्हटलं होतं, “भांग येईपर्यंत थांबूया का? भरत्या लहान होतील, पाण्याचा जोर उतरेल.”

“शर्वरी, उधाण बांधाच्या पलीकडे. आपण अलीकडे,” ते म्हणाले. “काँक्रीटच्या गाड्या उद्याच्या मिळाल्यात. पुन्हा कधी मिळतील, देव जाणे.”

हेही खरंच होतं.

रेवाला काकींच्या नमूकडे सोपवून मी निघाले. नमू कॉलेजात जाणारी, हुशार मुलगी. तरी मी तिला तीनदा सांगितलं, आणि बांधापर्यंत जाईतो दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “ताई, ती झोपलीय. तुमच्या फोनानं उठेल आता.”

बांधावर जत्रेसारखी माणसं होती. बायकांच्या डोक्यावर घमेली, पुरुषांच्या हातात फावडी आणि मातीनं भरलेली पोती. खाचरांत भात पिवळं झालेलं. दिवाळीच्या आधी कापणी. खारं पाणी आत आलं तर हे पीक तर जाईलच, जमीनही दोन-तीन वर्षं उठणार नाही. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणीच ते बोलत नव्हतं. बोलणं चाललं होतं माझ्याविषयी.

“इंजिनेरीनबाय, फावरं उलटं धरलंव!”

“आसूं दे गो, ती कागदावर खनते.”

काकींनी माझ्या हातातलं फावडं सरळ केलं. “तू निस्ती उभी रा. डोलं उघडं ठेव. त्येच काम आसतं इकरं.”

मग हसूभाऊंनी नव्या माणसाला सांगतात तसा मला नियम सांगितला. “ज्याला पयलं पानी दिसलं त्यानं वरडायचं. वरडला का बाकीच्यांनी इचारायचं नाय. तो बोलल त्ये करायचं. भांडान मागून.”

“आणि उगाचच ओरडलं तर?”

सगळे एका तरुण माणसाकडे बघून हसायला लागले. त्यानं मान खाली घातली. मागे कधीतरी तो बेडूक बघून ओरडला होता. “त्याचा नाव काय हाय, आता कोनालाच ठावं नाय,” काकी म्हणाल्या. “बेरक्याच बोलतात.” बेरक्या म्हणजे बेडक्या.

पलीकडे खाडी चढत होती. तिवरांची खोडं बुडाली, मग फांद्या, मग फक्त शेंडे उरले. पाणी आवाज न करता वर येतं. मी ते बघायला थांबले नाही. माझं लक्ष अलीकडे होतं.

माझ्या पर्समध्ये रेवाची एक जुनी दुधाची बाटली होती. बूच गळायला लागल्यावर मी ती साइटवर वापरायला काढली होती. पंपातून बाहेर पडणारं पाणी तिच्यात भरायचं, उजेडात धरायचं, थोडं थांबायचं आणि तळाशी काय बसतं ते बघायचं. पंपाचं पाणी नितळ असलं तर काळजी नाही. ते नुसतं झिरपतंय. गढूळ झालं तर ते वाटेतली माती घेऊन येतंय. मजूर त्या बाटलीला हसायचे. सकाळी नितळ होतं. अकराला नितळ होतं.

भरती जवळजवळ पूर्ण झाली तेव्हा मी पुन्हा बाटली भरली आणि उजेडात धरली. ताकासारखं पाणी. मी थांबले. तळाशी रेव बसली, बोटाच्या नखाएवढा थर. तिच्यात एक काळी काडी होती. बोटावर घेतली तर मोडली नाही, लगदा झाली.

“काकी, हे काय आहे?”

काकींनी ती काडी हुंगली. “पेंडा. भाताचा. कुजलाय.”

“जमिनीच्या इतक्या खाली पेंढा कुठून येईल?”

“खांड पडली व्हती ना. माज्या सासऱ्याच्या वक्ताला. बांद फुटलेला. तवा पेंडा नि तिवराच्या फांद्या कोंबल्या नि वरून माती—” त्या बोलता बोलता थांबल्या.

“कुठे, काकी? कुठे फुटला होता?”

त्यांनी पायाखाली बघितलं. मग पडीक तुकड्याकडे. मग माझ्या खड्ड्याकडे.

“इकरंच,” त्या म्हणाल्या. “म्हनून त पिकत नाय.”

आमच्या मातीच्या तपासणीत पेंढा सापडला नव्हता. बोअर घेतलं होतं पाइलच्या जागी, बांधाखाली नव्हे. गावानं ती जागा दिली होती कारण ती वाईट होती. मी घेतली होती कारण ती कुणाच्या उपयोगाची नव्हती. आम्ही दोघांनी मिळून टॉवरचा पाय नेमका जुन्या जखमेवर ठेवला होता आणि वर दोन पंप लावून ती चोखत होतो.

मी खड्ड्याकडे धावले. साहेब फोनवर होते.

“साहेब, पंप थांबवा. बांधाच्या खालून पाणी माती घेऊन येतंय.”

“गाड्या फाट्यावर पोचल्यात, शर्वरी. पाणी वाढलंय तर तिसरा पंप लावू.”

“नाही! उपसू तितकं ते जास्त ओढलं जाईल. पंप नुसते थांबवूनही भागणार नाही. खड्डा भरायला हवा.”

“कशानं?”

“पाण्यानं. काठापर्यंत.”

त्यांनी फोन कानावरून खाली घेतला. “सळई बांधलेला खड्डा तू पाण्यानं भरणार?”

“पलीकडून खाडीचा रेटा आहे, अलीकडे मोकळा खड्डा. म्हणून पाणी इकडे धावतंय. खड्डा भरला तर त्याला धावायला जागाच उरणार नाही. हे बघा.” मी बाटली पुढे केली.

त्यांनी बाटलीकडे बघितलं. तिच्यावर एक पिवळं बदक होतं, अर्धं खरवडलेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, त्या बघण्यात राग नव्हता. कीव होती.

“बाळ कुठे आहे?”

“घरी.”

“शर्वरी, तू उंबरठ्याची पातळी काढलीस, ते माझ्या कानावर आलंय. एक सांग मला. हे तू इंजिनिअर म्हणून बोलतेस, की आई म्हणून?”

मी उत्तर शोधत होते, खरोखर शोधत होते, आणि मागे दोन्ही पंप धडधडत होते.

“तिसरा पंप काढा रे!” साहेब मजुरांना म्हणाले.

मजूर त्यांचं ऐकणार होते. ऐकायलाच हवं होतं. कंपनीच्या त्या खड्ड्यावर माझा शब्द त्यांच्या शब्दाच्या खाली होता. मी वळले आणि बांध चढायला लागले. चिखलात चप्पल अडकली, ती तिथेच सोडली. वर पोचले तेव्हा खाडी पलीकडे बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली लागली होती, सपाट, चकचकीत. अलीकडे खाली गावाची कौलं. काकींच्या घरामागे माझ्या खोलीचा निळा पत्रा.

ओरडायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

“पाणी!” मी ओरडले. “पाणी!”

बांधावरचं बोलणं एका दमात थांबलं. हसूभाऊ फावडं घेऊन धावत आले. कुठे, किती, खरं का, काही विचारलं नाही.

“बोला. काय करायचा?”

“खड्डा भरायचा. पाण्यानं.”

“पान्यानं?” मागून बेडक्याच म्हणाला. “पानी आरवायला पानी?”

“इचारायचं नाय!” हसूभाऊ त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, “एवरं पानी आनायचा कुठून, बाय? घमेल्यानं नाय भरायचा त्यो.”

मी सभोवार बघितलं. खड्ड्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर म्हणावा असा, काकींचा तलाव होता. काठोकाठ भरलेला. मध्ये फक्त एक मातीची वरंब. ती फोडली की मिनिटांत भागणार होतं.

मी तलावाकडे बोट केलं नाही. करवलं नाही. त्या तलावात काकींनी तीन पावसाळे जिताडे वाढवले होते. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न दिवाळीनंतर होतं, आणि वऱ्हाडाला जिताडा वाढायचा म्हणून त्या एकही मासा कुणाला देत नव्हत्या, सरपंचालासुद्धा. खारं पाणी मिसळलेल्या, सळ्यांनी भरलेल्या खड्ड्यात त्या माशांचं काय होणार, हे सगळ्यांना कळत होतं. सगळे मी बघत होते तिकडेच बघत होते. कुणीच हललं नाही. घरटी माणूस होता प्रत्येक जण. दुसऱ्याच्या घरच्या तलावाला हात कोण घालणार?

“बगताव काय तोंडं?” काकी म्हणाल्या. “माजाच हाय तलाव.”

पदर खोचून त्यांनी हसूभाऊंच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं आणि वरंबेवर पहिला घाव घातला. मग बाकीचे धावले.

“अरे! ए! काय चाललंय काय?” साहेब खड्ड्याच्या काठावरून हात हलवत होते. “सळ्यांचा पिंजरा बुडेल! शर्वरी, थांबव त्यांना!” त्यांच्या मागे मुरुमाच्या रस्त्यावर काँक्रीटची पहिली गाडी हॉर्न देत येत होती.

वरंब फुटली. पाणी आधी ओहोळासारखं आलं, मग धबधब्यासारखं. पंपवाल्यांनी पंप बंद करून नळ्या वर ओढल्या. सळ्यांचा पिंजरा बुडत गेला आणि पाण्याबरोबर एक मोठा चंदेरी जिताडा उसळून त्या पिंजऱ्यात पडला. सळ्यांमधून वाट शोधत तो इकडून तिकडे आपटत राहिला. कुणीतरी सवयीनं ओरडलं, “आरे धरा!” कुणी धरला नाही.

खड्डा काठोकाठ भरला. सगळे बांधावर चढले आणि उभे राहिले.

आणि काहीच झालं नाही.

भरती पूर्ण झाली. थोडा वेळ खाडी तशीच ताणून थांबली. मग तिवरांचे शेंडे दिसायला लागले. पाणी उतरलं. बांध होता तिथेच होता, कोरडा. काँक्रीटच्या गाड्या मागे वळून गेल्या. लोक फावडी खांद्यावर टाकून घरी निघाले. जाताना बेडक्या माझ्याकडे बघून हसला, अगदी आपुलकीनं, जोडीदार मिळाल्यासारखा.

संध्याकाळी साहेब अंगणात आले. रेवा माझ्या मांडीवर होती. तिच्या गालाला त्यांनी बोट लावलं.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तुला बाळासकट इथे बोलवायलाच नको होतं. मुंबईच्या ऑफिसला जा. ड्रॉइंगवर बस. तिथे पाणी नाही.”

“साहेब, बाटलीत रेव होती.”

“उधाणाला खारेपाटात कुठल्या खड्ड्यात गढूळ पाणी येत नाही?” ते थकले होते. “काही झालं असतं तर मी तुझे पाय धरले असते. काही झालंच नाही.”

त्यानंतरचे दिवस मी हेच वाक्य उलटसुलट करत राहिले. खड्डा भरला म्हणून काही झालं नाही, की काही होणारच नव्हतं? बाटली मी धुतली नव्हती. दिवसातून कितीदा तरी ती उजेडात धरायचे. थर कधी जाड वाटायचा, कधी काहीच नाही असा. खरंच मी उंबरठ्याला घाबरले होते का? बारा नंबरच्या मापानं बघितलं होतं की रेवाच्या?

काकींच्या मुलाच्या लग्नाला बाजारातून सुरमई आणायचं ठरलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, रेवाला न्हाऊमाखू घालत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

भांग आली. मी सामान बांधत होते. पलंगाखालच्या विटा काढून अंगणात रचल्या होत्या. हसूभाऊ दारात आले.

“चला,” ते म्हणाले.

“आज तर उधाण नाही.”

“म्हनून त चला.”

नमू कॉलेजला गेली होती. मी रेवाला कडेवर घेतलं. काकी मागोमाग आल्या.

ओहोटीला खाडी लांब गेली होती. बांधाच्या बाहेरच्या अंगाला गावकऱ्यांनी चिखल थापून वर ताडपत्री दाबली होती. खड्ड्यातलं पाणी एकाच पंपानं हळूहळू उतरवलं होतं. साहेब काठावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खाली बघत होते.

बांधाकडच्या बाजूच्या दोन फळ्या सुटून सळ्यांवर कलंडल्या होत्या. त्यांच्या मागे भोक होतं. आत काळोख, आणि कुजक्या पेंढ्याचा वास वरपर्यंत येत होता. वर तिवराच्या जुन्या फांद्या आडव्या दिसत होत्या. त्यांनीच छत धरून ठेवलं होतं. हसूभाऊ शिडीनं खाली उतरले. त्यांनी आत बांबू घातला. तो जात राहिला. कुठेही न अडता जात राहिला, शेवटी त्यांची मूठच मातीला टेकली.



“केवढं आहे?” साहेबांनी वरून विचारलं. “रुंदीला केवढं आहे, हसूभाऊ?”

हसूभाऊंनी हात पसरून माप घ्यायला सुरुवात केली. मग मान वर केली. त्यांची नजर माझ्या कडेवर थांबली आणि हात तसेच, रेवा रांगत आत जाईल एवढ्या अंतरावर, हवेत राहिले.

रेवानं भोक बघितलं होतं. रांगायला शिकल्यापासून तिला पलंगाखालची, कपाटामागची, प्रत्येक अंधारी फट हवी असायची. ती खाली झेपावली. मी घट्ट धरलं तसं तिनं अंग ताठ केलं, दोन्ही हात त्या भोकाकडे लांब केले आणि रडायला लागली.

काकी पुढे झाल्या. त्यांनी तिला माझ्याकडून काढून घेतलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.